हीटरवरच्या खपल्या

दुष्काळात विहीर आटली आणि आमच्या नळाला बोअरचं जड पाणी आलं. तेव्हापासून नळावरच्या विजेच्या हीटरच्या कॉइलवर सारखा चुन्याचा पांढरा थर धरायचा आणि तो खरवडायला भूम गावचा एक मिस्त्री वरचेवर यायचा. काम झालं की "बघा" एवढंच म्हणायचा. खरवडलेल्या खपल्या मात्र रुमालात बांधून न्यायचा.

शेवटी मी विचारलंच, "हे कशाला नेता?"

"कोंबड्यास्नी घालतो. अंड्यांना कवच धरंना झालं व्हतं."

पुढच्या खेपेला सायकलवरून उतरून त्यानं खिशातून अंडं काढलं. आम्ही लिंगायत, अंडं घरात चालत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

"खाऊ नका, मालक. नुस्तं दाबून बघा. तुमच्याच पाण्याचं कवच हाय."

मी अंगणातच दाबलं. फुटलं नाही.