मोहाखाली सोडलेला टेरिअर

चूक माझीच होती. जंगलात मी टेरिअरचा पट्टा सोडला.

घरात घुशी फार, म्हणून हा चिमुकला कुत्रा मी मुद्दाम निवडून आणला होता. कुरखेड्याबाहेर रोज सकाळी आम्ही फिरायला जायचो. तिथे एक बाई मोहफुलं वेचायची. प्रत्येक झाडाखाली जाण्याआधी ती मोठ्यानं खाकरायची आणि थांबून कानोसा घ्यायची.

"भाऊ, त्याले बांधा," ती म्हणायची. "अस्वलावर भुकला तं पळून माणसाकडंच येते, अन् अस्वल मागून आणते."

"बाई, हा घुशींचा शिकारी आहे," मी हसायचो.

त्या सकाळी तो भुंकत झुडपात घुसला आणि केकाटत थेट तिच्याकडे धावला. मागे अस्वल होतं. तिनं कुत्र्याला पदरात घेतलं, त्याचं तोंड मुठीत दाबलं आणि भरलेली टोपली पायानं पुढे सरकवली. अस्वल फुलं खात राहिलं. मी झाडामागे होतो.

अस्वल गेल्यावर तिनं कुत्रा माझ्या हाती दिला. "घ्या. याचा काई दोष नाई."

मी पट्टा बांधला आणि खाली बसून तिच्या टोपलीत फुलं वेचू लागलो. टोपलीचा तळ झाकला, तेव्हा कुठे तोंड उघडलं.

"बाई, माफ करा. अस्वल तुमच्यावर मीच सोडलं."