आप्पांनी बॉनेटवर हात ठेवला

मंडळी, आज सकाळी आप्पांना, म्हणजे वडिलांना घेऊन नगरला एक जुनी जर्मन गाडी बघायला गेले होते. नोकरीतली माझी सगळी बचत तिच्यात जाणार होती. घरातली पहिली पदवीधर मी, त्यामुळे विमा, सर्व्हिसचे कागद सगळं तपासून ठेवलं होतं. सगळं चोख होतं.

आप्पांनी कागद बघितलेच नाहीत. बॉनेटवर हात ठेवून मालकाला म्हणाले, "पाव्हणं, आमी यायच्या आदीच चालू केल्ती व्हय?"

"जरा गरम करून ठेवली, काका."

"मग गार हू द्या. आमी च्या पिऊन येतो."

चहा पिताना मला म्हणाले, "काष्टीच्या बाजारात उभा बैल कुनीबी दाखवतं. आपन बसलेला उठताना बघायचा."

दोन तासांनी गाडी चालू केली, तर इंजिन खडखडलं आणि मागून निळा धूर निघाला. मालकाने घाईने इंजिन बंद केलं.

एसटीने परत येताना आप्पा म्हणाले, "पुढच्या गाडीचे कागद बी तूच बघ. मला त्यातलं कळत न्हाई."

गाडी नाही मिळाली, तरी आज फार बरं वाटतंय. पुढच्या वेळी मालकाला न कळवताच जाणार आहोत. तुम्ही गाडी बघायला कोणाला सोबत नेता?