सुभेदारांचं दही

आमचे सुभेदार एक दिवससुद्धा फौजेत नव्हते. भरतीला गेले तेव्हा पहिल्यांदा छाती कमी भरली म्हणून परत आले, दुसऱ्यांदा तळपाय सपाट निघाले म्हणून, आणि तिसऱ्यांदा का परत आले ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सातारा जिल्ह्यातलं त्यांचं गाव असं, की तिथं घरटी एक माणूस फौजेत. त्यांचे आजोबा, वडील, दोन्ही भाऊ आणि आता मुलगा. उरलेला हा एकटा बहरीनमध्ये मिनीबस चालवत होता. पण चालणं इतकं ताठ, की आम्ही मराठी माणसांनीच त्यांना परस्पर सुभेदार करून टाकलं. त्यांना ते मनातून आवडायचं. "रँक तुमी दिली, आता पेन्शन बी तुमीच द्या," म्हणायचे.

मी तेव्हा राजधानी मनामातल्या एका ट्रॅव्हल कंपनीत बुकिंग बघायचे आणि सुभेदार तिथले ड्रायव्हर. माझं बिऱ्हाड जवळच सनद गावात, माहेर चिपळूणचं, आणि जीभ माहेरची. ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, म्हणजे भांडायलाही आम्ही दोघंच. मी ट्रिप लावायची, त्यांनी तोंड वाकडं करायचं, "वहिनी, मान्साला जेवायला तरी सवड ठेवा की," म्हणायचं, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी गाडी धुऊन दारात उभी करायची.

नव्वदचं दशक अर्धं झालं होतं. समुद्रावरच्या लांब पुलापलीकडे सौदीत अमेरिकन फौज होती आणि तिथली पोरं सुट्टीच्या दिवशी पूल ओलांडून इकडे यायची. त्यांची मोठी बस त्यांना आमच्या ऑफिसासमोर सोडायची. मग दिवसभर सुभेदार त्यांना मिनीबसमधून हिंडवायचे, कधी बाजारात, कधी किल्ल्यावर, कधी बुदैयाच्या बाजूला मळे बघायला, आणि संध्याकाळी परत मोठ्या बसपाशी आणायचे. विशीतली पोरं ती. वर्दी नसली की कॉलेजातली वाटावीत अशी. बर्गर खायची, उन्हानं लाल व्हायची, आईसाठी मोती घेऊ की नको म्हणून मलाच विचारायची.

परत निघताना मात्र एक विधी असे. सुभेदार मोठ्या बसच्या दाराशी पाण्याचा आइसबॉक्स मांडत, त्यातून ओल्या फडक्यात गुंडाळलेला स्टीलचा डबा काढत आणि चढणाऱ्या प्रत्येकाच्या तळहातावर चमचाभर दही घालत. त्यांच्या गावात सुट्टी संपवून निघालेल्या जवानाच्या हातावर दही पडल्याशिवाय एस.टी. सुटत नसे म्हणे, कंडक्टर घंटीला हात लावत नसे. "ड्युटीवर निघालेला मानूस मोकळ्या हातानं जात न्हाई," हा त्यांचा कायदा. फौज कुठल्या देशाची, हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नाही.

पोरांना आधी काही उमजेना. कुणाला वाटलं पोटाचं औषध आहे. एक तांबड्या केसांचा पोरगा होता, उन्हानं नाक सोललेला. त्यानं ते दही सरळ नाकाला फासलं आणि "थँक यू सर" म्हणून बसमध्ये चढला. बाकीची पोरं हसून लोळली. सुभेदारांचा चेहरा असा झाला, जणू नैवेद्यात कुणी पाय दिला. त्यांनी त्याला दंडाला धरून खाली उतरवलं, नाक पुसायला लावलं आणि नव्यानं दही दिलं. त्या दिवसापासून त्याचं नाव तांबडा. तांबडा दर सुट्टीला यायचा आणि त्याच्याबरोबर चष्मा लावणारा एक अबोल पोरगा यायचा. तो चष्मिस. चष्मिस रांगेत सगळ्यांत पुढे, उजवा हात असा सरळ धरून, की सुभेदार म्हणायचे, "ह्याला म्हनत्यात संस्कार."

कारण उजव्या हाताबद्दल सुभेदार फार कडक. कुणी डावा पुढे केला की हात झटकायचे. "नो, नो! रैट हँड! लेफ्ट मफी!" मफी म्हणजे तिकडच्या अरबीत 'नाही', आणि सुभेदारांच्या तोंडी तो शब्द गोळीसारखा सुटायचा. तांबडा मुद्दाम डावा पुढे करून त्यांना चिडवायचा, शिवी खाल्ली की खूश होऊन उजवा द्यायचा. मी एकदा म्हटलंसुद्धा, "अहो, त्या पोरांना काय कळतंय डावं-उजवं? घाला की."

"त्यास्नी न्हाई कळत, पर ज्याला कळायचं त्याला कळतं," ते वर बोट करून म्हणाले.

मग गाडीचं दार पुसत पुसत, माझ्याकडे न बघता बोलले, "आमचं पोरगं बर्फात हाय वहिनी. सुट्टीवर येतं तवा मी हितं आसतो. मी दुसऱ्याच्या पोराला दिलं, तर माझ्या पोराला बी कोन तरी देत आसंल की न्हाई?"   दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडून वाटीभर विरजण मागून घेतलं. सनदला माझं दही कधी धड लागत नसे, त्यांचं सुरीनं कापावं असं लागायचं.

त्या जूनमधली शेवटची ट्रिप मला लख्ख आठवते. बाजारात उशीर झालेला, मोठ्या बसचा ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारतोय. चष्मिसनं नेहमीसारखं उजव्या हातावर दही घेतलं आणि चढला. तांबडा सगळ्यांत मागे, धावत आला. उजव्या हातात पिशव्यांचा हा गठ्ठा, म्हणून त्यानं डावा पुढे केला. या वेळी चेष्टेनं नव्हे, अडचणीनं. "रैट!" सुभेदार म्हणाले. तो पिशव्या दाखवून हसला. "लेफ्ट मफी," म्हणून त्यांनी चमचा मागे घेतला. तेवढ्यात बस हलली, आतल्या पोरांनी तांबड्याला काखांत हात घालून वर ओढलं. दार लागलं. तो काचेतून डावाच हात हलवत होता. सुभेदार भरला चमचा हातात धरून उभे राहिले.

त्याच आठवड्यात एका रात्री सनदला आमच्या खिडक्यांची तावदानं थरथरली. भूकंप असेल म्हणून आम्ही झोपलो. सकाळी कळलं, पुलापलीकडे ही पोरं राहायची त्या इमारतीसमोर कुणीतरी स्फोटकांनी भरलेला ट्रक आणून उडवला होता. लढाई नव्हती, ड्युटी नव्हती. कुणी दात घासत असेल, कुणी आईसाठी घेतलेले मोती बॅगेत ठेवत असेल. मेलेल्यांचा आकडा रेडिओवर दर तासाला बदलत होता. मी ऑफिसात पोचले तेव्हा सुभेदार मिनीबसच्या पायरीवर बसले होते. गाडी धुतलेली नव्हती.

"वहिनी, तांबडा मोकळ्या हातानं गेला," एवढंच म्हणाले.

मी समजूत घातली. रागावलेसुद्धा. "दह्यानं बॉम्ब थांबतात होय सुभेदार? काहीतरीच काय!" ते मान हलवायचे आणि पुन्हा तिथंच यायचे. जिथून बुकिंग यायचं तिथं मी फोन लावला, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. नावं सांगता येत नाहीत, असं सभ्य आवाजात उत्तर यायचं. शिवाय आम्हाला त्यांची नावं तरी कुठं ठाऊक होती? तांबडा आणि चष्मिस असं कुणाला विचारणार?

पोरांच्या ट्रिपा त्या दिवसापासून खलास. मिनीबस मआमीरकडच्या कारखान्यांच्या शिफ्टवर लागली. जिकडंतिकडं तपासणी. गाडीखाली आरसा घालून बघायचे, आणि पहिल्या दिवशी एका पोलिसानं आइसबॉक्समधला डबा उघडायला लावला. डबा रिकामा होता. सुभेदारांनी दही लावणं सोडलं होतं. वर्षानुवर्षं जपलेलं विरजण त्यांनी आंबून जाऊ दिलं आणि डबा धुऊन उपडा घातला. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं, "परक्या फौजेचं आपल्याला काय एवढं?" सुभेदार चहा तसाच ठेवून उठले. "फौज परकी आसंल. पोरं न्हाईत," म्हणाले. दर शुक्रवारी गावी फोन करायचे. पलीकडून मुलगा सुखरूप असल्याचं कळायचं, तरी फोन ठेवण्याआधी पुन्हा पुन्हा विचारून खात्री करायचे. मला ते बघवत नसे.

महिना उलटला होता. एके दुपारी ऑफिससमोर इथल्या अमेरिकन तळाची गाडी थांबली आणि एक पोरगा उतरला. आधी मी ओळखलंच नाही. केस भादरलेले, मानेवर ताज्या जखमांचे वण, उजवा हात बोटांपासून कोपरापर्यंत बांधून गळ्यात अडकवलेला. तो म्हणाला, "ड्रायव्हर सर कुठे आहेत?" तेव्हा आवाजावरून कळलं. माझ्या तोंडून किंकाळीच फुटली. मी मागच्या अंगणात पळाले. "सुभेदार! अहो सुभेदार, बाहेर या! तांबडा आलाय!"

ते ओल्या हातांनीच आले आणि दारात थिजून उभे राहिले. तांबडा सांगत होता, इथल्या तळावर आणलंय, आज विमानानं घरी पाठवताहेत, काचा घुसल्या, बोटं हलतील की नाही ते डॉक्टरांनाही माहीत नाही. अर्ध्या तासाची परवानगी काढून आलोय. मग त्यानं बांधलेल्या हाताकडे मान केली, हसायचा प्रयत्न केला आणि डावा हात पुढे करून म्हणाला, "राइट मफी, सर."

सुभेदारांचे डोळे वाहायला लागले. हात पुढे आलेला, आणि यांच्याकडे दही नाही! त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी टेबलाखालचा माझा डबा काढला. "घ्या. तुमच्याच विरजणाचं आहे." चहाची साखर घातली, चमचा दिला. त्यांनी त्या डाव्या तळहातावर दही घातलं, आणि तो हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला. पोरानं ते चाटूनपुसून खाल्लं आणि शेवटी ओला तळहात नाकाला पुसला. सुभेदार रडता रडता हसले.

मग त्यांनी विचारलं, "चष्मिस?" डोळ्यांभोवती बोटांनी चष्मा करून दाखवला. तांबड्यानं खाली बघितलं आणि मान हलवली.

तो गेल्यावर सुभेदार मिनीबसच्या पायरीवर बसले. "त्याला तर मी दिलं हुतं वहिनी. उजव्या हातावर. पैला नंबर त्याचाच." मी त्यांच्याशेजारी बसले.   ते म्हणाले, "दह्यानं कोन वाचत न्हाई. मला काय ते ठावं नव्हतं व्हय? पर आपली कोन तरी वाट बगतंय, येवडं तरी त्याच्या हाताला कळलं आसंल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून वाटीभर विरजण परत नेलं. त्यानंतर मआमीरच्या शिफ्टला जाणारे मजूर त्यांच्या मिनीबसमध्ये दही चाटत बसलेले दिसायचे. केरळचे, बिहारचे, आमचे रत्नागिरीचे. कुणाच्या कोणत्या हातात डबा, कोणत्या हातात हेल्मेट, सुभेदार बघत नसत.

पुढच्या वर्षी ते कायमचे गावी गेले. "पोराची सुट्टी आन् माजी सुट्टी येकदा तरी जुळू दे," म्हणाले. विमानतळावर मी आणि माझे यजमान पोचवायला गेलो होतो. मी दह्याची वाटी घेऊनच गेले होते. त्यांच्या उजव्या हातात पासपोर्ट, खांद्यावर बोचकं. त्यांनी डावा हात पुढे केला. माझी चिपळूणची जीभ, राहवतंय कुठं! "लेफ्ट मफी, सुभेदार," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. हात तसाच धरून म्हणाले, "घाला वहिनी. जो हात पुढं येतो, तो उजवा."

मी घातलं.