पंखेवालीनं आभाळ रिकामं केलं

"खाली घ्या सगळी. एकूण एक."

"ताई, डोकं ठिकाणावर आहे का? म्हातारा सापडायचाय अजून."

"म्हणून तर सांगते. तुमच्या ड्रोनची भुणभुण ऐकूनच आबा आत आत शिरतायत. हे बघ."

पंखेवालीनं फोटोवाल्याच्या हातातला रिमोटचा पडदा घेतला आणि मघाचं चित्रण मागं नेलं. बंद पडलेल्या दगडखाणीच्या कडेला काटेरी झुडपं. ड्रोन खाली येतो तसा एका झुडपाखालचा पांढरा तुकडा हळूच आत ओढला जातो. कुत्रं असेल म्हणून फोटोवाल्यानं ते सोडून दिलं होतं. आता माणूस धाडून बघितलं, तर झुडपाखाली नुसती एक चप्पल होती.

चप्पल तिच्या सासऱ्याची. वय ऐंशीच्या पुढं. सकाळी नऊला घरातून निघून गेलेला माणूस, दोन वाजत आले तरी पाण्याशिवाय होता. ऊन तर असं, की दगडाला हात लावून बघायची सोय नाही.

तिला पंखेवाली म्हणायचे ते या सासऱ्यामुळंच. पंखे आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं त्याचं दुकान. चालू पंख्याखाली नुसता उभा राहून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचा. मुलगा गेला तेव्हा त्यानं बत्तीस वर्षांच्या सुनेपुढं एक जळका पंखा ठेवला आणि "उघड," म्हणाला. दुसरं काही बोलला नाही. तांब्याच्या तारेचे फेरे मोजायला तिला त्यानंच बसवलं. ती सांगते, फेरे मोजताना रडता येत नाही, आकडा चुकतो.

पुढं लोक पंखे दुरुस्त करण्याऐवजी नवेच घ्यायला लागले. दुकानात माशा मारायची वेळ आली. अशात फोटोवाला झाडाला धडकलेला ड्रोन घेऊन आला. तिनं उघडून बघितला, तर आत चार चिमुकल्या मोटारी, आणि त्यांत तेच तांबं. दुरुस्त होऊन तो उडाला आणि मग बाकीचेही दाराशी आले. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. फोटोवाल्याचा चार पंख्यांचा, हवेत एका जागी भोवऱ्यासारखा ठरणारा, पण पंचवीस मिनिटांत बॅटरी बसते. फवारणीवालीचा सहा पंख्यांचा, खाटेएवढा. दहा लिटर औषध घेऊन उठतो आणि पिकावर असा वारा मारतो की पानं उलटी होतात. जमीन मोजणाऱ्याचा विमानासारखा, दोन पसरलेले पंख आणि शेपटाशी एकच पंखा. त्याला थांबणं ठाऊक नाही, पण तासभर उडतो. या सगळ्यांनी घराची चूल पेटती ठेवली.

तीन वर्षांपूर्वी म्हाताऱ्याचं डोकं चालेनासं झालं. माणसं विसरला, रस्ते विसरला. कान मात्र तेवढेच तिखट राहिले, आणि त्या कानांना ड्रोन सोसेना. आवाज झाला की तो कान दाबून खाटेखाली शिरायचा. म्हणून ती यंत्रं गच्चीवर नेऊन बघायची आणि जाताना खालच्या दाराला कडी लावायची.

त्या सकाळी फवारणीवालीला घाई होती. खाटेएवढं धूड गच्चीवर कोण चढवणार? मिनिटभराचं तर काम, म्हणून पंखेवालीनं ते अंगणातच चालू केलं. दार उघडं होतं. बंद करून वळली, तोवर खाट रिकामी झालेली.

शोधायला सगळे धावून आले हे खरं. फोटोवाला आपल्या धंद्यातल्या आणखी दोघांना घेऊन आला. फवारणीवाली पाणी उडवत न्यायला तयार होती, पण तिच्या टाकीला औषधाचा वास, आणि आवाजही तिचाच सर्वांत मोठा. अग्निशमनच्या जवानानं उष्णता टिपणारा ड्रोन आणला होता. त्यानं खरं ते सांगून टाकलं. या उन्हात दगड आणि माणूस सारखेच तापलेत, पडद्यावर अख्खी खाण पेटल्यासारखी दिसते, ऊन उतरल्यावर बघू. ऊन उतरेपर्यंत म्हातारा टिकायचा नाही, हे तिथं प्रत्येकाला कळत होतं.

मग तिनं सगळी खाली घ्यायला लावली. दुकानातून मोजणीवाल्याचं विमान आणलं. त्याचं मोडकं शेपूट तिनं आदल्या दिवशीच चिकटवलं होतं, उडवून बघितलेलं नव्हतं. मोजणीवाला फोनवर कुरकुरला, जोड अजून ओला असेल म्हणाला. ती म्हणाली, तुटलं तर पुन्हा जोडीन.

तिनं ते हातानं वर भिरकावलं. विमान थोडं डुलत उंच गेलं, इतकं की आवाज कानापर्यंत पोचेना. नांगराच्या तासांसारख्या सरळ रेघा मारत ते खाणीवरून जात येत राहिलं आणि दर दोन सेकंदांनी एक फोटो घेत राहिलं. चाळीस मिनिटांनी गवतावर पोट घासत उतरलं. शेपूट शाबूत होतं.

अग्निशमनच्या गाडीच्या सावलीत लॅपटॉप उघडून तिघं बसले. हजाराच्या वर फोटो, आणि बहुतेकांत नुसता दगड. फोटोवाल्याचे डोळे पाणावले, जवान घाम पुसत राहिला. पंखेवाली बोट ठेवून एकेक फोटो सरकवत होती. खडी फोडायच्या जुन्या यंत्राची पडकी भिंत आली आणि बोट थांबलं. भिंतीच्या सावलीत दोन सरळ रेघा, शेजारी शेजारी.

"हे पाय आहेत," ती म्हणाली.

ती एकटीच पुढं गेली. बाकीच्यांना तिनं हाकेच्या अंतरावर थांबवलं आणि हाक मारायलाही बंदी घातली. म्हातारा भिंतीला टेकून बसला होता, दोन्ही तळवे कानांवर, ओठ फुटलेले. ती शेजारी टेकली. ओला रुमाल त्याच्या ओठांवर पिळला, मग घोटघोट पाणी पाजलं. बऱ्याच वेळानं त्यानं एक हात कानावरून काढला.

"बंद झालं?"

"झालं, आबा."

दवाखान्यात पाच दिवस गेले. नणंद तिच्या गावाहून येऊन राहिली होती. सहाव्या दिवशी म्हाताऱ्याला घरी आणलं, तेव्हा पंखेवालीनं विषय काढला.

"वन्सं, आबांना तुमच्याकडे न्या."

नणंद म्हणाली, "लोक म्हणतील, सुनेनं म्हाताऱ्याला काढून दिलं."

"म्हणू देत. दार मीच उघडं ठेवलं होतं, मोटारही मीच चालू केली. पुन्हा करणार नाही असं तोंडानं सांगेन, पण रोज तेच करायचंय मला. त्याच्यावरच पोट आहे."

"तुझ्या हातानंच जेवतात ते, वहिनी."

"डाव्या बाजूनं भरवा. उजवीकडे दात नाहीत. आणि घास दिला की जरा थांबा, गिळायला वेळ लागतो."

नणंद रडली. पंखेवालीनं तिला रडू दिलं आणि तोवर म्हाताऱ्याचे कपडे पिशवीत भरले, औषधांच्या गोळ्या सकाळ-दुपार-संध्याकाळ अशा तीन डब्यांत वेगळ्या केल्या. गाडी आल्यावर तिनं त्याला धरून आत बसवलं, शर्टाचं वरचं बटण लावलं. गाडी वळणावर दिसेनाशी झाली, तरी ती थोडा वेळ तिथंच उभी होती.

फवारणीवाली केव्हाची दुकानाच्या पायरीशी येऊन थांबली होती. तिचा ड्रोन तिनं शेजारी टेकवून ठेवला होता.

"उन्हात काय उभ्या? आत या," पंखेवाली म्हणाली. "कुठली मोटार तापतेय?"

"मागची. उजव्या हाताची."

तिनं ते धूड टेबलावर आडवं घेतलं, पाना उचलला आणि मोटारीचे स्क्रू सोडवायला बसली.