सतरावी सीडी

राजेश्वरी अक्का कॉम्प्युटरशी बोलायच्या. मनातल्या मनात नव्हे, चांगल्या मोठ्यानं. तेलुगू, मराठी, जे तोंडाला येईल त्यात. सीडी घालण्याआधी ती पदराच्या सुती टोकानं पुसायच्या, मधून काठाकडे, सरळ रेघेत. कुणी गोल गोल पुसताना दिसलं की ओरडायच्या, "ओ, भांडं घासायलाव का?"

सोलापुरातल्या आमच्या कॉलेजात मी मराठी शिकवायचो आणि अक्का कॉम्प्युटर लॅब सांभाळायच्या. घर विणकरांचं, वडिलांचा हातमाग. लॅबमध्ये नवी मशिनं आली तरी त्यांच्या कोपऱ्यात विंडोजऐवजी लिनक्स घातलेला एक जुना कॉम्प्युटर होताच. त्याला हात लावायची प्राचार्यांचीही टाप नव्हती.

मी एकदा शहाणपणा केला. आमच्या विभागानं पूर्वी सांगोल्याकडच्या बिरूबापूंच्या धनगरी ओव्या, म्हणजे बिरोबा देवाची अख्खी कथा, रेकॉर्ड करून सतरा ऑडिओ सीडींवर ठेवल्या होत्या. कपाट रिकामं करायचं होतं. मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एकेक सीडी उघडली आणि आत दिसल्या त्या फाइली ओढून पेन ड्राइव्हवर टाकल्या. प्रत्येकीला दोन-चार सेकंद! स्वतःवरच खूश होऊन सीड्यांना रबर बँड लावला आणि त्या भंगाराच्या खोक्यात टाकल्या. खोकं महिनाभर गॅलरीत उन्हात पडून होतं.

पुढं बापूंचा मुलगा मायाप्पा आला. बापूंना अर्धांगवायू होऊन त्यांची वाचा गेली होती. गावच्या जत्रेत बिरोबापुढं ओवी म्हणायचा मान त्यांच्या घराचा, पण मायाप्पाचं अर्धं आयुष्य साखर कारखान्याचा ट्रॅक्टर चालवण्यात गेलेलं. "सुरवात येती मला, सर. शेवट न्हाय येत. औंदा आमच्या घरातनं कुणी उभं न्हाय राहिलं तर संपलंच की."

मी ऐटीत पेन ड्राइव्ह लावला. एकही फाइल वाजेना. अक्कांना बोलावलं. त्यांनी एक नजर टाकली आणि कपाळावर हात मारला.

"ह्यात ओवी नाहीच ओ सर. ऑडिओ सीडीत अशी फाइल नसतीच. तुम्ही नुसती यादी उचलून आणलाव."

एका माणसाच्या जन्मभराच्या ओव्या मी माझ्या हातानं भंगारात टाकल्या होत्या! अक्कांनी माझ्याकडे पाहिलं, मग सावकाश आपला ड्रॉवर उघडला. आत सतराच्या सतरा सीड्या. खोकं भंगारवाल्याकडे जायच्या आधी त्यांनी त्या उचलून ठेवल्या होत्या. लाज वाटली नसती तर मी तिथंच त्यांच्या पाया पडलो असतो.

त्यांनी काळ्या स्क्रीनवर एक ओळ टाइप केली. लिनक्सवरचा त्यांचा तो प्रोग्राम सीडीवरचा आवाज वाचतो, आपल्याच वाचनावर संशय घेतो आणि ताळा जुळेपर्यंत पुन्हा पुन्हा वाचतो. वाचताना कंस, टिंबं, रेघा जोडून एक इवलासा चेहरा दाखवतो. नीट चाललं असेल तर तो चेहरा हसतो. "हसायलंय बघा, हसायलंय!" अक्का टाळी द्यायच्या. सोळा सीड्या हसत पार पडल्या.

सतरावीत कथेचा शेवट होता आणि तिथंच चेहरा वाकडा झाला. अक्कांनी सीडी उजेडात धरली. "सीडी आतून बाहेर वाचत्यात, सर. म्हणजे शेवट काठाला. अन् ही गठ्ठ्यात सगळ्यात खाली, हिच्या काठालाच तुमचा रबर बँड उन्हानं चिकटलाय." चिकटलेलं रबर त्यांनी निगुतीनं काढलं, पण ओरखडे राहिलेच.

मग अक्कांनी मोडीत निघालेल्या मशिनांमधून काढून ठेवलेले सीडी ड्राइव्ह आणले आणि एकामागून एक जोडले. "एकाला दिसत नाही ते दुसऱ्याला दिसतंय," म्हणायच्या. वेग अगदी कमी ठेवून चार दुपारी हा प्रकार चालला. मी म्हटलं, राहू द्या आता. त्या चिडल्याच. "आमच्या घरी धागा तुटला तर सांधायचे. कापड फेकत नव्हते." प्रत्येक ड्राइव्हनं वाचलेला तुकडा त्यांनी जिथल्या तिथं बसवला. शेवटी फक्त दोन सेकंद उरले. ते काही केल्या हाती लागेनात.

"मशीनला भरू द्या की अंदाजानं," मी सुचवलं.

"बापू म्हटले नाहीत ते बापूंच्या तोंडात घालायचं? नको. तेवढी जागा गप्प राहू दे."

अक्का आणि मी बापूंच्या गावी गेलो. बापू अंगणात बाजेवर पडले होते. लॅपटॉपमधून त्यांचाच खणखणीत आवाज निघाला तसे त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. कथा शेवटाकडे आली आणि ती दोन सेकंदांची जागा आली. त्या शांततेत मायाप्पा सहज, ऐकता ऐकताच, दोन शब्द बोलून गेला. लहानपणी ढोलाशेजारी बसून कधी कानात शिरले असतील कुणास ठाऊक! लगेच बापूंचा आवाज पुढं निघाला, सांधा कुठं कळलासुद्धा नाही.

बापूंनी लुळा न पडलेला हात बाजेवर दणकन आपटला. अक्कांनी लॅपटॉप बंद केला.

"थांबिवलं का, अक्का? ऐकू द्या की पुढचं," मायाप्पा गडबडला.

"पुढचं तू म्हण."

तो आधी लाजला, मग उठून उभा राहिला. दोनदा अडखळला, दोन्ही वेळा बापूंच्या हातानं बाजेवर ठेका धरला आणि ओळ त्याला सापडली. ओवी संपली तेव्हा बाप हसत होता, आणि अक्का अंगणात जमलेल्या बायकांना एकेकीला हलवून सांगत होत्या, "शेवटापर्यंत गेला! ऐकलाव न्हवं? शेवटापर्यंत गेला!"