मागच्या काचेचं नवं रबर

ती गाडी आजही डोळ्यांसमोरून हलत नाही. मी पोलीस ठाण्यात होते, पण अधिकारी नव्हते. झाडलोट करायचे, आरोपींना पाणी द्यायचे. पण तो गुन्हा उघडकीस आला तो माझ्यामुळे, आणि हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

गाडी जुनी, चार माणसांची. मूळ मालक वारले, तेव्हा मुलानं ती एका मंडपवाल्याला विकली. आठवड्यात ती त्याच्या आवारातून चोरीला गेली. फिर्यादीत त्यानं गाडीची खूण लिहून दिली : रंग पांढरा, मागच्या काचेचं रबर फाटलेलं, पाऊस आत येतो. गाडी त्याला स्वतःला कधी सुरू करता आली नव्हती. ओढूनच आणली होती.

साहेबांनी भंगारवाले तपासले. काही मिळालं नाही. मग उचगावच्या एका दूधवाल्यानं खबर दिली, की तिकडच्या रिकाम्या गोठ्याला नवं कुलूप आहे आणि फटीतून गाडी दिसते. पंचांसमक्ष कुलूप तोडलं. गाडी विटांवर उचलून ठेवली होती, चाकांवर भार येऊ नये म्हणून. बॅटरी काढलेली, टाकी रिकामी केलेली. ती ओढून ठाण्याच्या आवारात आणली.

साहेब म्हणाले, "विकायची असती तर एवढी निगा कोण राखतंय?"

म्हणून शिवाजी पेठेतल्या गॅरेजवाल्या मेस्त्रींना बोलावलं. मूळ मालकाची गाडी तीस वर्षं तेच बघत होते. साठीचे, बारीक अंगाचे. सकाळपासून एकच उत्तर.

"हजार गाड्या हाताखालनं गेल्यात, सायेब. कुठली कुठं गेली, मला काय ठावं?"

दुपारी साहेब बाहेरच्या टेबलावर कागद बघत होते. मी मेस्त्रींना पाणी द्यायला आत गेले. ते खिडकीतून आवारात बघत होते.

"बाई, गाडी उन्हात हाय व्हय?"

"व्हय."

"लिंबाखाली घ्या म्हणावं. मागच्या काचंचं रबर नवं हाय, अजून धरलं न्हाय. आणि पुढच्या काचंखाली जाळी हाय, तिच्यातली पानं काढत जावा. पाणी तुंबलं की पत्रा सडतोय."

मला वाटलं, म्हातारा माणूस सांगतोय, तर निरोप द्यावा. साहेबांशी बोलायला मला भीती वाटायची, तरी गेले आणि ऐकलं ते सगळं सांगितलं.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. फिर्याद काढून वाचली. मग उठून आत गेले.

"मेस्त्री, फाटलेलं रबर नवं कवा झालं?"

मेस्त्रींनी खिडकीकडे बघितलं. मग म्हणाले, "त्यो मंडपवाला गाडीचा वरचा टप कापणार हुता. वरातीत नवरा-नवरी हुबी ऱ्हायला. मागची शीट काढून सिंहासन बसवतो म्हणला."

"कागदावर गाडी त्याची हाय. त्यो कापंल न्हायतर जाळंल."

"ठावं हाय की. म्हणून तर चोरली."

जबाब झाल्यावर लिहिणाऱ्या हवालदारांनी हळूच विचारलं, "मेस्त्री, मला अशी एक घ्यायची हाय. काय बघू?"

"इंजिन बघू नका. खाली झोपून पत्रा बघा. इंजिन मिळतंय, पत्रा मिळत न्हाय. आणि खाकी घालून जाऊ नका, भाव वाढतोय."

त्या खोलीत तेवढंच हसू झालं.

गाडी मुद्देमाल म्हणून आवारातच राहिली. मंडपवाल्यानं दुसरी गाडी घेऊन कापली, ही न्यायला आलाच नाही. मेस्त्री जामिनावर सुटले. दर सोमवारी हजेरीला यायचे आणि सही करून गाडीपासून चार हात लांब उभे राहायचे. मुद्देमालाला हात लावायला परवानगी नव्हती.

मी रोज झाडताना खराट्याच्या काडीनं जाळीतली पानं काढायचे. एका सोमवारी त्यांनी ते बघितलं.

"लई उपकार केलासा, बाई," ते म्हणाले.

मी मान खाली घालून झाडत राहिले. निरोप मी दिला होता, हे त्यांना कधी कळलं नाही.

इतक्या वर्षांत ठाण्यात एक बघितलं. दरडावूनही गप्प राहिलेली माणसं आपल्या जिवाभावाच्या वस्तूसाठी, जनावरासाठी आपण होऊन बोलतात. ते कळल्यापासून आत ऐकलेलं मी बाहेर नेलं नाही.

मी निवृत्त झाले त्या दिवशी वाकून गाडीत बघितलं. टप शाबूत होता. खालच्या पत्र्यातून गवत वर आलं होतं.