विचारलं तेवढंच

लिंबाजी मिस्त्री कुणाचं घर तपासायला आला की दारात उभा राहून आधी मुसळ मागायचा. राम राम नाही, बसणं नाही. "या घरचं मुसळ आना," एवढंच. घरातल्या बाईनं ते आणून दिलं की तो उंबऱ्याच्या आतून सुरुवात करायचा. हातभर अंतरावर एक ठोका, मग पुढचा. मान एका अंगाला कललेली, डोळे मिटलेले. मधेच कुणी पाण्याचा तांब्या पुढे केला तर तो परत करायचा. "इकनाऱ्याचं पानी प्यालं की वाकडी भित बी सरळ दिसती," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

आखाडा बाळापूर आणि भोवतालच्या वीसेक गावांत घर घ्यायचं म्हटलं की लोक त्याला बोलावत. मूळचा तो गवंडी. गुडघा गेला, माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर, चढणं होईना, तेव्हापासून तो दुसऱ्यांनी बांधलेली घरं पारखू लागला. उंच, वाळका, जगानं आपला अपमान केला आहे असा कायमचा चेहरा. घर घेणाऱ्यावर तो जितका खेकसायचा तितकाच विकणाऱ्यावर. सगळं पाहून झालं की ओसरीवर टेकायचा आणि म्हणायचा, "इच्यारा." विचारलं तेवढंच सांगायचा. त्यातलं खोटं काही नसायचं; न विचारलेलं मात्र एक अक्षर तोंडातून निघत नसे. कुणी म्हणालंच, "मिस्त्री, एकंदरीत घर कसं हाय?" तर तो भडके. "एकंदरीत म्हंजे काय? भिताड इच्यारा, तुळई इच्यारा. एकंदरीत बायको करत अस्तेत, घर न्हाई."

गेल्या उन्हाळ्यात तो वारला. त्याच्याविषयी लिहितो आहे ते प्रेमापोटी नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं असा संकेत आहे. मला तो मान्य नाही. संकेत पाळता पाळताच आपण निम्मी पापं करतो.

मी वाढलो तो सरकारविरोधी पत्रकांवर. शाळेत उर्दू शिकलो आणि घरी पत्रकांतून मराठी. संस्थानच्या सरहद्दीपलीकडून, वऱ्हाडातून ती यायची. मी त्यांच्या नकला करायचो, पुढे स्वतःच लिहू लागलो. ती लेव्हीची सालं होती. पिकलेल्या ज्वारीतली ठरावीक ज्वारी सरकारी भावानं घालावीच लागे. पीक बुडालं तरी घालावी लागे. मग लोक धान्य पेवात लपवत. पेव म्हणजे जमिनीत खणलेली धान्याची खोल कोठी. वरून फरशी, फरशीवर माती, मातीवर सारवण. माहीत नसलेल्या माणसाला काही दिसत नाही. मी पत्रकात लिहिलं होतं: "पेवाचं नाव आपल्या बायकोपाशीही काढू नका. जो पेवाचं नाव काढील तो गावाचा वैरी." या ओळीचा मला फार अभिमान होता. बाजारात लोक ती पाठ म्हणायचे.

ते पत्रक निघालं त्याच उन्हाळ्यात माझ्या आत्यानं घर घ्यायचं ठरवलं. गोदाआत्या तरुणपणीच विधवा झाली. आधी दिरांच्या दारात, मग आमच्या. माझे वडील, आबा, तिला कधी उणं बोलले नाहीत, पण ती म्हणायची, "भावाचा उंबरा चांगला हाय, पर त्यो भावाचा हाय." बाजाराच्या दिवशी गाडीवानांना ती भाकरी-झुणका करून घालायची. बाजाराला लागून माणिकराव नावाच्या जमीनदाराचं जुनं माळवदाचं घर रिकामं होतं. हातातल्या पाटल्या आणि दारची म्हैस विकून ती ते घेणार होती. पहिल्यांदा तिची स्वतःची चूल होणार होती.

आबांनी लिंबाजीला बोलावलं. मी आणि आत्या बरोबर होतो. मला पाहताच तो म्हणाला, "आले का कागदवाले! घराला बी भाषन ऐकवतेत काय?"

त्यानं काम मात्र चोख केलं, ते नाकारत नाही. भिंतीच्या पायथ्याशी नखानं खरवडून लोणा, म्हणजे भिंत पोखरणारा खार, लागलाय का पाहिलं. ओळंबा सोडून कोपरे पाहिले. तुळया एकेक करून ठोकल्या, वाळवीची माती कुठं दिसते का म्हणून खांबांच्या बुडाशी अक्षरशः आडवा झाला. मला माळवदावर चढवून तांब्याभर पाणी ओतायला लावलं आणि ते कुठं वाहतं ते खालून ओरडून विचारलं. शेवटी माणिकरावांनी आणून दिलेलं मुसळ घेतलं.

धप्प. धप्प. धप्प. ओसरी झाली. माजघरात शिरला. दुसऱ्या खांबाजवळ आवाज बदलला. ढम्म. लिंबाजी थांबला. त्यानं डोळे उघडले आणि माणिकरावाकडे पाहिलं. माणिकराव बाहेर रस्त्याकडे पाहू लागले. लिंबाजीनं पुन्हा एकदा हलकेच ठोकलं, मग पुढे सरकला. धप्प. धप्प.

मग ओसरीवर बसून तो म्हणाला, "इच्यारा."

आबांनी भिंतींचं विचारलं. "दक्षिनेची भित लोन्यानं खाल्लीय. दोन हात उकरून दगड भरा. बाकीच्या नातवंडं बघतील." मी तुळयांचं विचारलं. "साग हाय. तुमच्या भाषनापरीस मजबूत." माळवदाचं? "उगवतीच्या कोपऱ्यात पानी थांबतं. पांढरी माती टाका." दाराआडून आत्यानं विचारलं, "शेजारची भित समाईक हाय का हो?" तो जरा मऊ झाला. "न्हाई आक्का. सोतंत्र हाय. बरं इच्यारलं."

तिला धीर आला. "आन् खाली..." तिनं सुरुवात केली.

"आत्या," मी म्हणालो, "बास झालं. तसलं काही विचारत नसतात."

लिंबाजीनं माझ्याकडे पाहिलं. मग मुसळ दाराला टेकवून निघून गेला. त्याच आठवड्यात घर आत्याचं झालं.

पोळ्यानंतर झड लागली. पाच दिवस पाऊस उघडला नाही. सहाव्या दिवशी सकाळी आत्या माजघरात परातीत पीठ मळत होती. दुसरा खांब कुणी खालून ओढावा तसा जमिनीत गेला. वरची तुळई निसटली आणि माळवदाची माती खाली आली. लोकांनी तिला बाहेर काढलं तेव्हा हाताला पीठ तसंच होतं. खुबा मोडला होता. हाड बसवणारा आला, त्यानं पट्ट्या बांधल्या, पण ती पुन्हा उभी राहिली नाही. आम्ही तिला खाटेवर घालून आमच्या घरी आणलं. पुन्हा भावाच्या उंबऱ्याच्या आत.

माती उपसली तेव्हा खाली पेव निघालं. रिकामं. घर विकण्याआधी माणिकरावांनी ज्वारी काढून नेली होती, वर फरशी टाकून सारवलं होतं. पाणी मुरलं, पेवाच्या कडा ढासळल्या आणि खांब आत गेला.

पुढच्या बाजाराला लिंबाजी मला वैरणीच्या गाड्यांपाशी दिसला. मी त्याचा सदरा धरला.

"विकला गेलास तू! माणिकरावानं काय दिलं तुला?"

"त्याचं पानी बी प्यालो न्हाई म्या," तो म्हणाला. "हळू बोला."

"काहून हळू बोलू? घराखाली काय आहे ते तुला ठोक्यावर कळतं! गावातल्या सगळ्या घरांखाली काय आहे ते तुला—"

त्यानं चुन्याचा वास येणारा तळवा माझ्या तोंडावर दाबला आणि मला गाडीआड ओढलं. "लेव्हीवाले फिरून राहिले बाजारात. मारता का लोकांना?" मग हात काढून दातांतून बोलला, "मला वाचता येत न्हाई. पर तुमचा कागद दुसऱ्याकडून वाचून घेतला म्या. जो पेवाचं नाव काढील त्यो गावाचा वैरी. कोनी लिव्हलं?"

मी त्याचा सदरा सोडला.

"आन् ढम्म वाजलं त्ये तुमी बी ऐकलं. म्या बगितलं तुमाला ऐकताना."

हे खरं होतं. मी ऐकलं होतं. पेव आहे हे मला तिथंच कळलं होतं, आणि मला काय वाटलं होतं तेही लिहितो: माणिकराव लेव्ही चुकवतो, म्हणजे आपला माणूस आहे, असं वाटून मला आनंद झाला होता. त्या पेवाशेजारी एक खांब आहे आणि खांबावर माझ्या आत्याचं छप्पर आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तरी त्या दिवशी मी त्याला शिवी देऊनच निघालो.

आठ दिवसांत लेव्हीचा अंमलदार गावात आला. त्याला कुणी सांगितलं हे मला ठाऊक नाही. पण बाजारात ओरडलो होतो मी. त्यानं लिंबाजीला चावडीवर बोलावलं आणि हातात मुसळ दिलं. "सुना है, ज़मीन तुझसे बात करती है. चल, बता किस किस के घर में पेव है."

भर दुपारी अख्ख्या गावातून त्याला हिंडवलं. पुढे गुडघ्यातून लंगडणारा लिंबाजी, मागे अंमलदार आणि चार शिपाई, त्यामागे आम्ही सगळे. पहिल्या घरात त्यानं ठोकलं. ढम्म. दारातल्या आम्हा सर्वांना ऐकू आलं.

"भरीव हाय, सायेब," लिंबाजी म्हणाला.

दुसऱ्या घरात ढम्म. "भरीव हाय." तिसऱ्या घरात शिपायानं मुसळ हिसकावून स्वतः ठोकलं. त्याला कुठं ठोकायचं ते कळेना. त्याच्या हातून नुसतं धप्प वाजलं. मुसळ परत लिंबाजीकडे आलं. आमच्या घरातही तो आला. माजघरात आत्या खाटेवर पडली होती. खाटेच्या पायथ्याशी त्यानं ठोकलं. ढम्म. आबांचा चेहरा पांढरा पडला. आमच्या घरात पेव होतं आणि त्यात वर्षाची ज्वारी होती.

"भरीव हाय," लिंबाजी म्हणाला.

विचारलं तेवढं खरं सांगणारा माणूस. आयुष्यभराचा नेम त्यानं त्या दुपारी तेरा घरांत तेरा वेळा मोडला. संध्याकाळी चावडीसमोर त्याच्या हातांवर काठ्या मारल्या. शिपाई दर काठीला विचारत होता, हा दर काठीला म्हणत होता, "भरीव हाय." मी तिथं उभा होतो. माझी सगळी पत्रकं मला पाठ होती. त्यातली एकही ओळ मी उच्चारली नाही.

त्यानंतर त्याची बोटं सरळ झाली नाहीत. ओळंबा हातात थरथरायचा. लोक त्याच्या दारात पीठ-मीठ ठेवून जायचे. कुणी त्याला देवमाणूस म्हणू लागलं. मला ते ऐकवत नसे. माजघरात माझी आत्या कुशीवर वळू शकत नव्हती आणि गाव त्याच्या पाया पडत होतं.

आत्यानंच एक दिवस निरोप धाडला. तो आला, उंबऱ्यातच बसला. मी भिंतीला टेकून उभा राहिलो, बस म्हटलं नाही.

"मिस्त्री," आत्या म्हणाली, "त्या दिशी मी इच्यारत व्हते, खाली काय हाय म्हनून. माझं पुरं झालं असतं तर तुमी काय सांगितलं असतं?"

"खांबाबुडी दगड-मुरूम भरून घ्या म्हनलो असतो, आक्का. पेवाचं नाव काढलं नसतं."

म्हणजे वाट होती. नाव न काढता सांगता येत होतं. "मग न विचारता सांगायला काय झालं होतं?" मी ओरडलो. "चार शब्द!"

"आन् तुमाला तिला इच्यारू द्यायला काय झालं व्हतं?" तो म्हणाला. "चारच!"

"गप बसा दोगं बी!" आत्या म्हणाली. तिचा आवाज इतका चढलेला मी पूर्वी ऐकला नव्हता. "एकानं इच्यारू दिलं न्हाई, एकानं सांगितलं न्हाई. एकाचा कागद खरा, एकाचा नेम खरा. दोगं बी लई शहाने. आन् घर कोनाचं गेलं?"

मग लिंबाजी उठला. जात्याजवळ उभं केलेलं आमचं मुसळ त्यानं वाकड्या बोटांनी कसंबसं धरलं आणि खाटेभोवती ठोकू लागला. पायथ्याशी. मग मधोमध. मग उशाशी. तिन्हीकडे तोच आवाज. आम्हाला वाटायचं की पेव फक्त पायथ्याशी, फरशीखाली आहे.

"पेवाचं तोंड ल्हान अस्तं, आक्का. पोट मोठं अस्तं," तो म्हणाला. "खाट पोटावर हाय. पावसाळ्याआदी हिकडं भितीकडं घ्या."

त्याला हे कुणीही विचारलं नव्हतं.

आबांनी एक बाजू धरली, मी दुसरी. त्याला धरता येत नव्हतं, म्हणून तो पुढे पुढे ठोकत राहिला आणि जिथं धप्प वाजलं तिथं आम्ही खाट टेकवली. मुसळ जागेवर ठेवून तो निघाला. त्याला दारापर्यंत पोचवायला मी हललो नाही. आत्यानं उशाचा पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "जा. त्यानं मागितलं न्हाई म्हनून काय झालं?"